आतड्यातल्या जिवाणूंचे नाते : टक्के नेमके कशाचे?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत. आतड्यात राहणारे दोन जिवाणू एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे डीएनएची तुलना करून कसे ठरवायचे? सारख्या शंका एकत्र करून उत्तरे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, पण पद्धतीतली मेख कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात ई. कोलाय आणि साल्मोनेला यांचे डीएनए-साम्य सुमारे ४५ टक्के दिले आहे. दोन्हींचे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, संगणकावर ताडून पाहिले तर आकडा ८० टक्क्यांच्या पुढे जातो आणि १६-एस जनुकापुरते पाहिले तर ९७ टक्क्यांच्या आसपास येतो. यातला खरा कोणता? (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

तिन्ही खरे आहेत. ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे टक्के आहेत, एवढेच.

१६-एस हे एकच जनुक आहे आणि त्याची लांबी साधारण १५४० अक्षरे (डीएनएचे ए, टी, जी, सी हे घटक). प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमचा सांगाडा त्यावरून बनतो. त्यात वाटेल तसे बदल झाले तर पेशी जगतच नाही, म्हणून ते फार सावकाश बदलते. सगळ्या जीनोमचे नाते त्यावरून मोजणे म्हणजे घड्याळाच्या तासकाट्यावर सेकंद मोजण्यासारखे आहे.

८० च्या पुढचा आकडा सरासरी न्यूक्लिओटाइड साम्याचा, म्हणजे एएनआयचा. दोन जीनोमचे जे भाग एकमेकांसमोर मांडता येतात तेवढेच घ्यायचे आणि त्यांत शंभरातली किती अक्षरे सारखी हे मोजायचे. जे जनुक एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, ते या हिशेबात येतच नाही.

४५ हा आकडा जुन्या डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशनचा. तिथे अक्षरे कोणी मोजत नाही. एका जिवाणूच्या डीएनएचे धागे सुटे करायचे, दुसऱ्याच्या सुट्या धाग्यांत मिसळायचे आणि किती वाटा परस्परांशी जोडी जमवतो ते पाहायचे. आकडा इतका खाली येण्याची कारणे दोन. एकाकडेच असलेल्या जनुकांना समोर जोडीदारच नसतो, म्हणून ती सुटीच राहतात. शिवाय ज्या तुकड्यांत साधारण १५ ते २० टक्क्यांहून अधिक अक्षरे जुळत नाहीत, त्यांची जोडी ६० अंश सेल्सिअसला टिकत नाही. म्हणजे ८० टक्के जुळणारा तुकडासुद्धा इथे ‘अजिबात नाते नाही’ याच बाजूला जाऊ शकतो.

याच कारणाने दोन्ही पद्धतींतली जातीची सीमारेषा वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय समितीने १९८७ साली जातीची कसोटी ठरवली ती अशी : हायब्रिडायझेशन ७० टक्के किंवा अधिक, आणि जमलेल्या मिश्र जोडीच्या वितळणबिंदूतली, म्हणजे निम्मे धागे सुटतात त्या तापमानातली, घसरण ५ अंश किंवा कमी. पुढे जीनोम हाताशी आले. त्याच स्ट्रेनच्या (जातीतल्या उपप्रकारांच्या) जोड्या दोन्ही पद्धतींनी मोजल्यावर २००७ साली दिसून आले की ७० टक्के हायब्रिडायझेशन म्हणजे साधारण ९५ टक्के एएनआय. आज ९५ ते ९६ ही पट्टी जातीची हद्द मानतात. जुन्या पुस्तकातले ‘७०’ एएनआयच्या तक्त्यात वापरू नका आणि एएनआयचे ‘८२’ पाहून ‘७० च्या वर आहे, म्हणजे एकच जात’ असे लिहू नका. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आणि प्रबंधांतही ही चूक सर्रास सापडते.

प्रश्न : भावंडांचे ५० टक्के डीएनए सारखे असतात म्हणतात. जिवाणूंचे टक्केही तसेच समजायचे का? (एक वाचक)

नाही. भावंडांचे ५० टक्के म्हणजे आईवडिलांकडून आलेला नेमका तोच वारसा दोघांना किती मिळाला त्याचे प्रमाण. अक्षरे जुळवायला गेलात तर कोणतीही दोन माणसे सुमारे ९९.९ टक्के सारखीच निघतात. जिवाणूंचे मोजमाप अक्षरांचे आहे आणि त्यांच्या जातीची हद्द फार सैल आहे. एकाच जातीत मोडणाऱ्या दोन ई. कोलायमध्ये जुळणाऱ्या भागांतही ३ टक्के किंवा त्याहून जास्त अक्षरे वेगळी असू शकतात. माणूस आणि चिंपांझी यांच्या जुळणाऱ्या भागांतला फरक सुमारे १.२ टक्के आहे. जिवाणूंची फूटपट्टी लावली असती तर आपण आणि चिंपांझी एकाच जातीत गेलो असतो.

प्रश्न : हायब्रिडायझेशन वर्गात शिकवायचे आहे, पण पुस्तकांत एका परिच्छेदात उरकलेले असते. प्रत्यक्ष पायऱ्या, प्रमाण आणि चुका कोणत्या? किरणोत्सारी पदार्थाशिवाय काही करून दाखवता येईल का? (सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक)

आतड्यातल्या जिवाणूंचे जुने आकडे प्रामुख्याने हायड्रॉक्सिॲपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचे एक खनिज) पद्धतीचे आहेत, म्हणून आधी ती सांगतो.

एका स्ट्रेनला किरणोत्सारी फॉस्फरस देऊन वाढवायचे, म्हणजे त्याच्या डीएनएवर खूण बसते. दोन्ही स्ट्रेनचा डीएनए शुद्ध करायचा. पेशी फोडायच्या, आरएनए आणि प्रथिने विकरांनी पचवायची, क्लोरोफॉर्मने उरलेली प्रथिने काढायची आणि अल्कोहोलमध्ये डीएनए खाली बसवायचा. मग मोठ्या दाबाखाली बारीक छिद्रातून दाबून सुमारे ४०० अक्षरांचे तुकडे करायचे. लांब धागे एकमेकांत गुंततात. त्यांचा थोडासा भाग जुळला तरी सगळा धागा ‘जमलेला’ म्हणून मोजला जातो आणि नाते फुगते. म्हणून तुकड्यांची लांबी सगळ्या नमुन्यांत सारखी हवी.

तुकडे ४ ते ५ मिनिटे उकळायचे आणि लगेच बर्फात घालायचे, म्हणजे धागे सुटे होऊन सुटेच राहतात. त्यानंतर खुणेचा डीएनए अगदी थोडा आणि बिनखुणेचा हजार पटीहून जास्त असे मिश्रण करून ६० अंशांना रात्रभर, सुमारे १६ तास ठेवायचे. खुणेचा डीएनए जास्त झाला तर त्याचे तुकडे आपापसातच जोड्या जमवतात आणि खोटे साम्य दिसते. हे तपासण्यासाठी एका नळीत बिनखुणेचा जिवाणू-डीएनए अजिबात घालायचा नाही. तिथे दिसलेले जमणे नंतर वजा करायचे.

मग मिश्रण हायड्रॉक्सिॲपेटाइटवर ओतायचे. ६० अंशांना, ०.१४ मोलर फॉस्फेट बफरमध्ये दुहेरी डीएनए त्याला चिकटून राहतो आणि सुटे धागे धुऊन जातात. चिकटलेला भाग काढण्यासाठी तापमान ५-५ अंशांनी १०० पर्यंत वाढवत न्यायचे आणि प्रत्येक टप्प्याला उतरलेली किरणोत्सारिता मोजायची. इथे एकाच प्रयोगात दोन उत्तरे मिळतात : किती जमला आणि किती घट्ट जमला. स्वतःच्याच डीएनएशी जमलेली जोडी ज्या तापमानाला अर्धी सुटते, त्यापेक्षा मिश्र जोडी जितके अंश आधी सुटेल तितके टक्के अक्षरे बेमेल, असा ढोबळ हिशेब आहे : १ अंशाला सुमारे १ टक्का.

गणित असे. समजा स्वतःशी ८० टक्के जमला, दुसऱ्या स्ट्रेनशी ३८ टक्के आणि तपासणीच्या नळीत २ टक्के. ३८ मधून २ वजा ३६, ८० मधून २ वजा ७८. ३६ भागिले ७८, म्हणजे सुमारे ४६ टक्के. शुद्ध डीएनएसुद्धा स्वतःशी पुरता १०० टक्के जमत नाही, त्यामुळे हा भागाकार लागतोच.

फसगत कुठे होते? क्लेब्सिएलासारख्या जिवाणूंच्या जाड कवचातले पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर खाली बसते. द्रावण चिकट होते आणि डीएनए प्रत्यक्षापेक्षा जास्त मोजला जातो. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास ठीक दिसते, तरी २६० आणि २३० चे गुणोत्तर २ च्या बरेच खाली असेल तर अशी घाण शिल्लक आहे असे समजा. तापमानातली चूकही महागात पडते. पाण्याच्या भांड्याचा आकडा ६० दाखवतो आणि नळीत ५७ असतात, असे घडले की सैल जोड्याही टिकतात आणि दूरचे नाते जवळचे दिसते. तापमापी नळीतच बुडवून पाहा.

आणखी एक गोष्ट वर्गात जरूर समजावा : ही तुलना दोन्ही दिशांनी सारखी येत नाही. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ई. कोलाय के-१२ या स्ट्रेनचा जीनोम सुमारे ४६ लाख अक्षरांचा, रक्ती जुलाब करणाऱ्या ओ-१५७:एच-७ चा सुमारे ५५ लाखांचा आणि दोघांत समाईक सुमारे ४१ लाख. खूण के-१२ वर असेल तर ४१ भागिले ४६ म्हणून सैद्धांतिक कमाल ८९ टक्के मिळते. खूण ओ-१५७ वर असेल तर ४१ भागिले ५५ म्हणून ७५ टक्केच. जिवाणू तेच आणि नातेही तेच, तरी १४ टक्क्यांचा फरक. म्हणून दोन्ही दिशांनी मोजायचे असते. एकाच दिशेचा आकडा छापलेला दिसला तर खूण कोणावर होती ते शोधा.

किरणोत्सारी पदार्थाशिवाय वर्गात दाखवायला पुनर्जोडणीच्या वेगाची पद्धत चांगली आहे. तापमान राखणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र) मात्र लागतो. दुहेरी डीएनए सुटा झाला की २६० नॅनोमीटरचे शोषण ३५ ते ४० टक्क्यांनी वाढते आणि पुन्हा जोड्या जमू लागल्या की ते उतरते. उतरण्याचा वेग मोजायचा. तीन क्युवेट (मोजमापाच्या पारदर्शक कुप्या) घ्या : एकात अ, दुसऱ्यात ब, तिसऱ्यात दोन्ही निम्मे-निम्मे. तिन्हींत डीएनएची एकूण तीव्रता तंतोतंत सारखी हवी, मिलीलिटरला सुमारे ५० मायक्रोग्रॅम. डीएनए कमी क्षाराच्या द्रावणात, ०.१ पट एसएससीमध्ये (मीठ आणि सोडियम सायट्रेटचे द्रावण) १० मिनिटे उकळा आणि मग गरम, दाट एसएससी घालून ते २ पट करा. क्षार आधीच जास्त असेल तर वितळणबिंदू उकळीच्या जवळ सरकतो आणि धागे नीट सुटत नाहीत. २ पट एसएससीमधले योग्य तापमान असे काढतात : जी-सीच्या, म्हणजे डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांच्या मिळून टक्क्यांना ०.५१ ने गुणा आणि ४७ मिळवा. ई. कोलायमध्ये जी-सी ५०.८ टक्के, म्हणजे सुमारे ७२.९ अंश. तिथे स्थिर ठेवून पहिल्या ३० मिनिटांतली सरळ रेषा घ्या.

मिश्रणाच्या वेगाची चौपट करा, त्यातून अ आणि ब यांच्या वेगांची बेरीज वजा करा. त्या दोन वेगांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुपटीने भागा आणि १०० ने गुणा. यामागचा तर्क विद्यार्थ्यांना आवडतो. वेग तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असतो. दोघांचे काहीच नाते नसेल तर निम्म्या तीव्रतेचा प्रत्येक डीएनए एक चतुर्थांश वेगाने जमतो, दोघांचा मिळून निम्मा वेग होतो आणि सूत्रातून शून्य येते. दोघे एकच असतील तर मिश्रणाचा वेग पूर्ण राहतो आणि १०० येतात.

समजा अ आणि ब दोन्हींचा वेग मिनिटाला ०.००४० आणि मिश्रणाचा ०.००३४. सूत्राने बरोबर ७० टक्के येतात. मिश्रणाचा वेग ०.००३५ वाचला तर येतात ७५. मोजण्यातली तीन टक्क्यांची चूक उत्तरात पाच टक्के हलवते, म्हणून प्रत्येक जोडी किमान तीनदा करा. ३० टक्क्यांच्या खालच्या उत्तरांवर या पद्धतीत विसंबू नका. तापलेल्या क्युवेटमध्ये हवेचे बुडबुडे आले की आलेख दातेरी होतो. द्रावणातली हवा आधी काढून टाका आणि क्युवेटला बूच लावा, नाहीतर बाष्पीभवनाने तीव्रताच बदलते.

प्रश्न : शिगेला आणि ई. कोलाय डीएनएने एकच ठरतात, तरी नावे वेगळी का ठेवली आहेत? आमच्याकडे मशीन कधी एक नाव देते, कधी दुसरे. (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ)

डीएनएचा निकाल स्पष्ट आहे. हायब्रिडायझेशनमध्ये बहुतेक शिगेला ई. कोलायशी ७० च्या बऱ्याच वर येतात आणि एएनआयमध्ये ९७-९८ च्या घरात. एवढेच नाही, शिगेला हा एक वंशही नाही. ई. कोलायच्या वेगवेगळ्या शाखांतून तो अनेकदा, स्वतंत्रपणे तयार झाला आहे. प्रत्येक वेळी आतड्याच्या पेशीत घुसण्याची हत्यारे असलेला, दोन लाखांहून जास्त अक्षरांचा मोठा प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राहून वेगळे असलेले डीएनएचे वर्तुळ) मिळाला आणि पेशीतल्या जीवनाला नको असलेली जनुके हरवली. लायसिन डीकार्बॉक्सिलेज हे त्यातले ठळक उदाहरण. या विकराने तयार होणारा कॅडॅव्हरीन शिगेलाच्या विषाला अडथळा करतो, म्हणून त्याचे जनुक वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या प्रकारे बंद पडलेले दिसते.

नावे टिकली ती वैद्यकासाठी. कियोशी शिगा यांनी १८९७ साली आमांशाचा हा जिवाणू शोधला, तेव्हापासून ‘शिगेला’ हा शब्द डॉक्टरला काही ठरावीक सांगतो : अगदी थोड्या पेशींनी, १० ते १०० नीही, संसर्ग होऊ शकतो, रुग्णाच्या घरच्यांकडे लक्ष द्या, साथीची नोंद करा. अहवालात नुसते ‘ई. कोलाय’ आले तर तो आतड्यातला नेहमीचा रहिवासी समजून दुर्लक्षिला जाईल. इथे नाव वेगळे ठेवणे योग्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते नाव नात्याचा पुरावा म्हणून वापरू नये, एवढेच पथ्य.

मशीनचे म्हणाल तर प्रथिनांच्या वजनावरून ओळखणारे माल्डी-टॉफ या दोघांना खात्रीने वेगळे करत नाही, कारण वेगळे करण्यासारखे त्यात फारसे नसतेच. १६-एसचेही तेच. आयपीए-एच जनुकाची पीसीआर सकारात्मक आली तर शिगेला किंवा पेशीत घुसणारा ई. कोलाय, दोन्ही शक्यता उरतात. व्यवहारात हालचाल, लॅक्टोज, लायसिन, ग्लुकोजपासून वायू या जुन्या चाचण्या आणि सीरम गटबद्धता यांनीच निर्णय करा. शिगेला हलत नाही, लायसिन नकारात्मक असतो आणि बहुतेक वेळा वायू करत नाही. साल्मोनेलाशी गल्लत होण्याची भीती इथे डीएनएच्या दृष्टीने नाहीच, तो बराच दूरचा आहे.

प्रश्न : विष्ठेच्या नमुन्यातून मिळालेल्या जिवाणूचा १६-एस ९९.२ टक्के जुळला. ओळख पक्की समजू का?

जीनसपर्यंत बहुधा हो, जातीपर्यंत नाही. ९८.७ टक्क्यांची प्रचलित रेषा एकाच बाजूने चालते. त्याच्या खाली आकडा आला तर जात वेगळी, पण वर आला म्हणजे जात एकच असे नव्हे. आतड्यातल्या एंटेरोबॅक्टर, क्लेब्सिएला, सिट्रोबॅक्टर मंडळींत तर ९९ च्या वरही जाती वेगळ्या निघतात. त्यात ई. कोलायमध्ये या जनुकाच्या सात प्रती असतात आणि त्या प्रतींत आपापसातही थोडे फरक असतात. जनुकाचा ४०० ते ५०० अक्षरांचा एखादा भागच वाचला असेल, तर दशांश चिन्हापुढच्या अंकाला काहीच अर्थ नाही. आरपीओ-बी किंवा जायर-बी जनुक वाचा. शक्य असेल तर सरळ जीनोम.

प्रश्न : विष्ठेतून वेगळे केलेले १२ जिवाणू आहेत. त्यांचे आपापसातले एएनआय काढायचे आहे. किती सीक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरे वाचणे) लागेल आणि काय काळजी घ्यावी? (संशोधन साहाय्यक)

सुरुवात पेट्रीडिशवर होते आणि अर्ध्याहून अधिक घोटाळे तिथेच होतात. एकच वसाहत उचलून किमान दोनदा, शक्यतो तीनदा पुन्हा रेषा ओढून वाढवा. आतड्यातले जिवाणू एकमेकांना चिकटून वाढतात, त्यामुळे एकटी दिसणारी वसाहत एकट्याची असतेच असे नाही. बॅक्टेरॉइड्ससारखे ऑक्सिजन न सोसणारे जिवाणू असतील तर माध्यमातला ऑक्सिजन आधीच काढलेला हवा. नाहीतर तुमचा जिवाणू मरतो आणि सोबतचा ई. कोलाय मजेत वाढतो.

डीएनए काढताना जाड भित्तिकेच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकॉकस, क्लॉस्ट्रिडियम गटाला, लायसोझाइमने आधी अर्धा ते एक तास भिजवा. लॅक्टोबॅसिलससाठी म्युटॅनोलायसिनही घाला. मण्यांनी घुसळायचे तर थोडक्यात आटपा. लांब तुकडे वाचणारे तंत्र वापरणार असाल तर जोरात घुसळलेला डीएनए निरुपयोगी होतो. तीव्रता फ्लुओरोमीटरने मोजा. साधे शोषण आरएनएलाही डीएनए समजून मोजते आणि मग सीक्वेन्सिंगला प्रत्यक्षात निम्माच माल जातो.

एएनआयसाठी प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचले जावे. ५० लाखांच्या जीनोमला २५ कोटी अक्षरे, म्हणजे दोन टोकांकडून १५० अधिक १५० अक्षरांच्या वाचनाच्या सुमारे ८ लाख ३३ हजार जोड्या. १२ नमुन्यांचे ३०० कोटी. ३० पटीतही भागते. १० पटीवर वाचलेल्या तुकड्यांचे जोडकाम तुटक होते आणि सीक्वेन्सिंगच्या चुका फरक म्हणून दिसू लागतात.

जोडलेला जीनोम हाती आल्यावर घाईने एएनआय काढू नका, आधी त्याची लांबी पाहा. ई. कोलाय ४५ ते ५८ लाखांच्या दरम्यान हवा. ९५ लाख निघाला तर दोन जिवाणू एकत्र आलेत. तुकड्यांच्या जी-सीचा आलेख काढा, दोन उंचवटे दिसले तर तेच निदान. एक-प्रतीच्या जनुकांवरून पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर आणि मिसळ ५ टक्क्यांच्या खाली आहे ना ते तपासा. ५०० अक्षरांखालचे तुकडे टाकून द्या. सगळ्याच नमुन्यांत ५३८६ अक्षरांचा एक तुकडा हटकून दिसत असेल तर तो तुमच्या जिवाणूंचा नाही. सीक्वेन्सिंगमध्ये तपासणीसाठी घातलेल्या फाय-एक्स-१७४ या विषाणूचा तो जीनोम आहे, तो काढून टाका. हा तुकडा अनेकांच्या जीनोममध्ये तसाच राहून गेलेला आहे.

आता तुलना. फास्टएएनआयसारखा कार्यक्रम एका जीनोमचे ३००० अक्षरांचे तुकडे करून दुसऱ्यावर बसवतो. १२ जीनोमच्या ६६ जोड्या साध्या लॅपटॉपवरही लवकर होतात. उत्तरात तीन गोष्टी वाचा : टक्के, जुळलेले तुकडे आणि एकूण तुकडे. ५१ लाखांच्या जीनोमचे सुमारे १७०० तुकडे होतात. त्यांतले १४५० जुळून ९६.८ आले तर नाते विश्वासाचे. १७०० मधले १५० जुळून ९६.८ आले, तर तो समाईक प्लाझ्मिड, फाज (जिवाणूत शिरणारा विषाणू) किंवा नमुन्यातली मिसळ आहे, जातीशी त्याचा संबंध नाही. जुळलेला हिस्सा न पाहता एएनआय सांगणे म्हणजे पेपरातले दोनच प्रश्न तपासून पूर्ण गुण देणे. ८० च्या बरेच खाली हा कार्यक्रम उत्तरच देत नाही आणि ते बरोबरच आहे. तिथे अक्षरांऐवजी प्रथिनांतल्या अमिनो आम्लांचे साम्य मोजतात. ९४ ते ९६ च्या पट्टीत आलेल्या जोड्यांवर एका कार्यक्रमाने निकाल देऊ नका. दुसऱ्या पद्धतीने आणि दोन्ही दिशांनी पडताळा.

प्रश्न : एकाच वॉर्डमधल्या दोन रुग्णांच्या ई. कोलायचे एएनआय ९९.९८ आले. एकाकडून दुसऱ्याला गेला असे म्हणता येईल?

यावरून नाही. ५० लाखांपैकी ०.०२ टक्के म्हणजे १००० अक्षरांचा फरक. माणसांत राहणाऱ्या ई. कोलायच्या जीनोममध्ये वर्षाला साधारण एखादे अक्षर बदलते. त्या गतीने हजार फरक पडायला, दोन्ही शाखा बदलत असल्या तरी, शेकडो वर्षे लागतात. उलट, १००० मधले बहुतेक फरक एकाच ठिकाणी गर्दी करून असतील तर एखादा परका तुकडा एका झटक्यात आत आलेला असू शकतो. एएनआय ही जात ठरवण्याची फूटपट्टी आहे, इतक्या बारीक कामाला ती पुरत नाही. सात जनुकांच्या टायपिंगमध्ये दोन्ही एसटी-१३१ आले म्हणूनही काही सिद्ध होत नाही, तो प्रकार जगभर पसरलेला आहे.

इथे एकेक अक्षर मोजायचे. दोन्हींचे वाचन एकाच जवळच्या संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी घेतलेला, आधीच वाचलेला जीनोम) बसवा. संदर्भ दूरचा घेतला तर चुकीच्या जागी बसलेली वाचने खोटे फरक दाखवतात. फाज, पुनरावृत्तीचे भाग आणि फरकांची गर्दी असलेले पट्टे झाका. मग उरलेले फरक मोजा. विषारी ई. कोलायच्या साथीत ५ किंवा त्याहून कमी फरकांचा गट एकाच स्रोताचा असावा असे गृहीत धरून तपास सुरू करतात. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलमध्ये, नमुने काही महिन्यांच्या आतले असतील, तर २ पर्यंतचे फरक अलीकडच्या प्रसाराशी जुळतात. हे आकडे तपासाला दिशा देतात. रुग्ण एकाच काळात तिथे होते का, हे नोंदींतूनच कळते आणि तिसऱ्याच स्रोतातून दोघांना संसर्ग झाल्याची शक्यताही उरते.

एकेका रुग्णाची एकच वसाहत घेतली असेल तर थांबा. एका आतड्यात ई. कोलायचे अनेक स्ट्रेन एका वेळी नांदतात. प्रत्येकाच्या ५ ते १० वसाहती घ्या, नाहीतर समान स्ट्रेन हुकण्याची शक्यता मोठी आहे. चिंता प्रतिजैविक-रोधाची असेल तर प्लाझ्मिड वेगळा तपासा. रोधाचे जनुक प्लाझ्मिडवर बसून ई. कोलायमधून क्लेब्सिएलात जाते. तेव्हा जिवाणूंचे नाते शून्यवत आणि प्लाझ्मिड मात्र तोच, असे चित्र दिसते. लहान तुकडे वाचून प्लाझ्मिड अखंड जोडला जात नाही, त्यासाठी लांब वाचनच हवे.

प्रश्न : अहवालात नात्याचा आकडा कसा लिहावा?

आकड्याआधी पद्धत लिहा. हायब्रिडायझेशन असेल तर तापमान, खूण कोणावर होती, दोन्ही दिशांचे आकडे आणि वितळणबिंदूतली घसरण. एएनआय असेल तर कार्यक्रमाचे नाव व आवृत्ती आणि जुळलेला हिस्सा. संगणकाने जीनोमवरून काढलेले ‘डिजिटल हायब्रिडायझेशन’ असेल तर ‘डिजिटल’ हा शब्द गाळू नका, त्याचे ७० हे नळीतल्या ७० शी जुळवून बसवलेले अनुमान आहे. अक्षर-फरक असतील तर संदर्भ जीनोम कोणता आणि जीनोमचा किती भाग मोजला गेला तेही द्या, कारण निम्मा जीनोम झाकला तर फरकही निम्मेच दिसतात.

जातीचा निर्णय करायचा असेल तर तुलना त्या जातीच्या टाइप स्ट्रेनशी (जातीचे नाव ज्याच्याशी बांधलेले असते त्या अधिकृत नमुन्याशी) हवी, सोयीच्या एखाद्या स्ट्रेनशी नव्हे. ई. कोलायच्या बाबतीत ही चूक फार होते. के-१२ चा जीनोम १९९७ पासून सगळ्यांच्या संगणकावर आहे, म्हणून तुलना त्याच्याशीच उरकली जाते. पण १९२२ साली एका रुग्णाच्या विष्ठेतून मिळालेला के-१२ हा या जातीचा टाइप स्ट्रेन नाही. तो मान यू-५/४१ या स्ट्रेनचा आहे.